गुरुवारच्या गाडीचं नवं इंजिन

७ फेब्रुवारी १९७४, गुरुवार

कुंभारीहून येताना कासवाला पुन्हा धाप. आत मी, यमुनाबाई, औषधांची पेटी, एक दिवस भरलेली बाई आणि तिची सासू. त्या रस्त्याला चढ म्हणावा असा चढ नाही, तरी दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. मागं निळा धूर. सासू म्हणाली, "बाई, आदी या गाडीलाच दवाखान्यात न्या की." यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसली. नर्स होऊन बारा वर्षं झाली, पदर काही सुटत नाही.

मुलगी झाली. साडेसहा पौंड. दोघी छान.

मोठ्या डॉक्टरबाई जर्मनीला परत जाताना ही कासवाच्या पाठीची जर्मन गाडी माझ्या हवाली करून गेल्या, त्याला पाच वर्षं झाली. स्टेशनवर एवढंच म्हणाल्या की कुंभारीचा गुरुवार चुकवू नकोस. अजून एकही चुकवलेला नाही.

१० फेब्रु., रवि.

अण्णांनी उपम्याच्या बशीवरून विषय काढला. त्यांच्या ओळखीच्या वकिलांना कासव हवंय. मुलाच्या वरातीत मिरवणार म्हणे. अण्णांचं म्हणणं, तुझं वय वाढलं, आता दवाखान्यात बसून पेशंट बघ, ज्याला गरज तो पायानं येईल. मी म्हटलं, कळा सुरू झालेली बाई पायानं येत नाही. वैनी कढईत बघून हसत होत्या.

अण्णा थोरले भाऊ, कापडाचे व्यापारी, त्यांना तागे कळतात. बाकीचं त्यांना आपण समजावून सांगायचं, आणि ते मला जमत नाही. मी चिडते.

१३ फेब्रु., बुध.

पहिली पाळी संपवून नरसय्या आला, इंजिन उतरवलं. गिरणीतला टर्नर. त्याची तिन्ही मुलं माझ्या हातची, म्हणून गाडीला हात लावायचं चहाशिवाय काही घेत नाही. चारही सिलिंडर आतून ओरखडलेले. तीन नंबरचा पिस्टन तर कधीतरी चिकटून सुटलेला. न. म्हणाला, हे इंजिन फार तापलंय. मी म्हटलं, सोलापुरात कोण तापत नाही.

त्याच मापाचे नवे सिलिंडर मिळत नाहीत. मुंबईला दोन ठिकाणी लिहिलं होतं, दोघांचा नकार आला. एकानं तर उत्तरात गाडी विकायचा सल्ला दिलाय. त्याला काय करायचंय?

दुपारी पेशंट कमी. मोठ्या बाईंचं जर्मन पुस्तक काढून बसले. भाषा येत नाही, चित्रं कळतात. चित्रातलं इंजिन पत्र्याच्या तुकड्यांत नखशिखांत गुंडाळलेलं. बर्फाच्या देशातले लाड! आपण ते पत्रे कधीच उतरवून टाकले.

१६ फेब्रु., शनि.

आजचा दिवस सोन्याचा.

सात रस्त्याच्या पलीकडं रशीदभाईचा भंगाराचा वाडा. तिथं एक जर्मन व्हॅन पडलीय, कासवाचीच मोठी बहीण. तिचंही इंजिन वाऱ्यावर गार होणारं, पाण्याची भानगड नाही. क्रँककेस, इंजिनचा मुख्य सांगाडा, फुटलीय, पण सिलिंडर-पिस्टन चारही शाबूत. आणि मोठे! आपलं तेराशेचं, हे पंधराशेचं. न.नं एक सिलिंडर उचलून आतून अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. मला तेवढ्यानंच कळलं.

मग निवडानिवड. दोन तास उन्हात उकिडवं बसून. व्हॅनचे हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, घ्यावेत की आपले ठेवावेत? तिच्या एका हेडला व्हॉल्व्हपासून प्लगपर्यंत बारीक चीर. डोळ्यांना दिसत नव्हती, माझ्या नखाला लागली. तो नको. आपलेच हेड थोडे मोठे कापून घ्यायचे. कार्बोरेटर तिचा मोठा, न.ला त्याचा मोह पडला. मी नाही म्हटलं. हेड आपलेच राहणार म्हणजे घसा तेवढाच, मग घास मोठा कशाला? फक्त आतला जेट, पेट्रोल सुटायचं भोक, तिचा घ्यायचा, एक नंबर मोठा. क्रँक आपलाच, मापं जुळली.

रशीदभाई कंटाळला. म्हणाला, "लेना है तो पूरा लेव बाई. ऐसा चुनचुनके तो लोगां भेंडी लेते." पण शेवटी चहा पाजला आणि मला हवं तेवढंच बांधून दिलं. साडी घेताना मला पाच मिनिटं लागतात.

१७ फेब्रु., रवि.

अण्णांना सांगितलं, इंजिन मोठं करतेय. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, पेट्रोल आग झालंय, लोक गाड्या दारात लावून सायकली काढतायत, आणि तू इंजिन मोठं करतेस? वर आणखी, व्हॅनचं इंजिन या टिचभर गाडीत, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, पाच माणसं घालून तुळजापूरचा घाट चढवून दाखवते.

तिथंच चुकलं. अण्णा व्यापारी माणूस, लगेच शब्द पकडला. "न थांबता चढली तर मी परत विषय काढणार नाही. नाही चढली तर गाडी वकिलांना. कबूल?"

मी कबूल म्हणून बसले. हे तोंड कुणी शिवून टाकेल का?

२१ फेब्रु., गुरु.

कासव उघडंनागडं अंगणात. एस.टी.नं गेले. पेटी य.बाईच्या मांडीवर, मी दारात उभी. पोचायला साडेअकरा. बायका सकाळपासून लिंबाखाली बसलेल्या. तिसऱ्या खेपेची एक आडवी पडली होती, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी. रक्तदाब बघितला आणि बाकीची रांग तशीच सोडली. दवाखान्यापर्यंत बैलगाडीनं आणली. तीन तास. वाटेत दोनदा वाटलं की गेली.

वाचली. पोरगंही वाचलं. पण कासव असतं तर अर्ध्या तासाचं काम. आणि म्हणे ते वकिलांच्या मुलाच्या वरातीत मिरवायचं!

२६ फेब्रु., मंगळ.

चारी पिस्टन एका वजनाचे पाहिजेत, नाहीतर इंजिन थडथडतं. न. दुपारी आला आणि सरळ बाळांच्या काट्यावर पिस्टन ठेवला. य.बाईनं बघितलं. पुढं जे झालं ते लिहीत नाही. ऑइलचा पिस्टन, बाळांचा काटा, तिनं उकळत्या पाण्यानं तीनदा धुतला आणि न.ला दारातूनच बोलली.

मग कंपाउंडरचा तराजू काढला. एका पारड्यात एक पिस्टन, दुसऱ्यात दुसरा. एक नंबर आणि चार नंबर जुळे. तीन नंबरही तेवढाच. दोन नंबर जरा जड. न. आतल्या बाजूनं दोनदा कानस फिरवी, फुंकर मारी, पुन्हा पारड्यात. सहाव्या खेपेला काटा सरळ उभा राहिला. बाकावरच्या चार पेशंट बायकांनी हे सगळं बघितलं. एक म्हणाली, सोनाराकडं बी इतकं बघत न्हाईत.

३ मार्च, रवि.

आज कापलं.

मोठे सिलिंडर बसायचे तर क्रँककेसची चारही तोंडं रुंद करावी लागतात. गिरणीच्या वर्कशॉपात, मॅनेजरांच्या परवानगीनं. (त्यांची धाकटी माझ्या हातची. या गावात मला नाही म्हणणं कठीण आहे. अण्णा सोडून.) मशीनवर चढवल्यावर न. थांबला. माझ्याकडं वळून म्हणाला, "एकदा कापलं की कापलं, बाई. परत भरता येत न्हाई. चुकलं तर सोलापुरात दुसरी क्रँककेस न्हाई. सांगा."

ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांना मी असंच विचारते. त्यांना कसं वाटत असेल ते आज कळलं.

म्हटलं, काप.

चार तोंडं, अडीच तास. शेवटी न.नं सिलिंडर तोंडावर ठेवला आणि हात काढून घेतला. तो आपल्या वजनानं हळूच खाली उतरून बसला. मी टाळ्या वाजवल्या, या वयात. चांदीसारखा कीस रुमालात बांधून आणलाय, काय करणार त्याचं कोण जाणे.

२४ मार्च, रवि. पाडवा

चालू झालं! तिसऱ्या झटक्याला. आवाज जुनाच, पण खोल. न. कानाला स्क्रूड्रायव्हर लावून दहा मिनिटं ऐकत होता, मग हसला. त्याला हसताना मी तिसऱ्यांदा बघतेय, आधीच्या दोन वेळा मुलगे झाले तेव्हा.

वैनींनी गुढीला घालायची साखरेची गाठी आधी कासवाच्या आरशाला बांधली. अण्णा गॅलरीतून म्हणाले, "आवाज तर मोठा झाला." बघूच म्हटलं.

बाळबाळंतीण सुखरूप, असं य.बाईनं केसपेपरवर लिहून काढलं. वेडी.

२६ मार्च, मंगळ.

वाईट दिवस.

न.ला घेऊन तुळजापूर रस्त्यानं निघाले. पहिले चार मैल काय सांगू! तिसऱ्यावरून चौथा टाकला तरी ओढत होतं. मग जळका वास. मग दम तुटला. थांबून ऑइल मोजायची पट्टी काढली. हातात धरवेना, चटका बसला. नुसत्या हवेला दुपारचे दोन वाजल्याचा ताप होता, त्यात हे. तासभर झाडाखाली बसलो, मग हळूहळू परत. दर दोन मैलांना थांबून.

मी न.ला नको ते बोलले. तुझ्या त्या अंगठ्याच्या मापानं घात केला म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "माप माझं चुकलं न्हाई, बाई." चहा न घेता गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी अण्णांनी स्वतः फाटक उघडून दिलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२८ मार्च, गुरु.

पुन्हा एस.टी.

सकाळी पहिलीच केस, तापानं फणफणलेलं पोर, आईनं दोन गोधड्यांत गुंडाळलेलं. माझं नेहमीचं सुरू झालं. गुंडाळू नका, उघडं करा, वारा लागू द्या. पाच वर्षं हेच ओरडतेय.

दुपारी य.बाईच्या बहिणीकडं, शांताकडं भाकरी. अंगणातली चूल, वारं सुटलेलं. चुलीला आडोसा म्हणून काळा वाकडा पत्रा. धूर माझ्या बाजूला येत होता म्हणून मी तो पत्रा बाजूला सरकवायला गेले. शांतानं हात धरला.

"बाई, ह्यो काढू नगा. ह्यो हाय तवर वारं चुलीच्या पोटात जातंय. काढला की समदं उधळतंय आन् जाळ धरत न्हाय."

मी पत्र्याकडं बघत राहिले. कडेला भोकं. मध्ये दोन गोल वळणं, सिलिंडरच्या मापाची. आतल्या अंगाला जर्मन अक्षरं.

घास हातातच राहिला. एकाहत्तरचा उन्हाळा आठवला. मीच म्हणाले होते, एवढ्या उन्हात इंजिनला हे कपडे कशाला, काढा, उघडं करा, वारा लागू द्या! कासवाला ताप आलेलं पोर समजून. आणि पंखा बिचारा तीन वर्षं वारा मारतोय, तो सिलिंडरला लागायच्या आधीच चहूकडं उधळतोय. त्या पत्र्यांनीच तो सिलिंडरच्या अंगावरून फिरायचा. म्हणजे जुनं इंजिनही मीच मारलं. नवं मारायला निघाले होते.

मला हसू आवरेना. शांताला वाटलं बाईंना ऊन लागलं. य.बाईला सांगितलं तशी तीही हसत सुटली. हा पत्रा तिनंच उचलून बहिणीला दिला होता.

शांता पत्रा सोडायला तयार नाही. तस्साच वाकडा दुसरा करून देईन म्हणून शब्द दिला, तेव्हा कुठं सोडला. एस.टी.त पत्रा मांडीवर. साडीचं वाटोळं.

त्याच पावली न.च्या घरी गेले. विणकरांच्या चाळीत माग खडखडत होते. तो ओट्यावर बसलेला. त्याच्यापुढं पत्रा ठेवला आणि सांगितलं, माप तुझं बरोबर होतं, चूक माझी, परवा बोलले ते चुकलं. तो पत्रा उलटासुलटा करून बघत होता. त्याच्या बायकोनं तेलुगूत काहीतरी विचारलं, त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. मग मला म्हणाला, "चहा घ्या. आन् दुसरा कुटं हाय?"

एवढंच. मोठा माणूस.

२९ मार्च, शुक्र.

दुसरा पत्रा घरातच! न्हाणीघरात बंबाची राख काढायला वैनी तीन वर्षं तोच वापरतायत. मी रोज त्या बंबाच्या पाण्यानं अंघोळ करते. डोळे असून आंधळी.

वैनींनी राख झटकून, घासून, वर हळद-कुंकू लावून दिला. हळूच म्हणाल्या, "घाट चढवाच. नाहीतर गुरुवारी घरात बसाल आणि माझ्या स्वयंपाकात चुका काढाल." खालचे दोन छोटे पत्रे काही सापडले नाहीत. न. डालड्याच्या डब्याचे कापून बसवणार आहे. पुस्तकातलं चित्र समोर ठेवूनच करायचं, असं मीच त्याला म्हटलं. आता चित्रातला एक स्क्रूही लाड म्हणून काढायचा नाही.

३१ मार्च, रवि.

पत्रे लावून त्याच रस्त्यानं, त्याच झाडापर्यंत आणि पुढं तितकंच. ऊन मंगळवारपेक्षा जास्त. थांबून पट्टी काढली. कोमट म्हणता येणार नाही, पण हातात धरवते. न.नं धरली, मी धरली, पुन्हा न.नं धरली. रस्त्यावर दोन वेड्या माणसांसारखे पट्टी धरून हसत होतो.

शांताचा पत्रा करून झाला. तिच्या मते पहिला जास्त चांगला होता.

१४ एप्रिल, रवि.

घाट.

पुढं मी नि अण्णा. मागं वैनी, य.बाई, न., आणि वैनींच्या हातात नैवेद्याचा डबा, तो कुणाच्या मांडीवर ठेवायचा यावर दोन मैल वाद. अण्णांनी धोतर सावरून दाराची कडी घट्ट धरलेली, सपाट रस्त्यालाच.

घाटाच्या पायथ्याशी तिसरा टाकला. ओढत होतं. पहिलं वळण, दुसरं. एक मालट्रक रडत चढत होता, त्याला मागं टाकला. वैनी "अगंबाई" म्हणाल्या तेवढंच. मला गावंसं वाटत होतं, अण्णा होते म्हणून गप्प बसले.

आणि शेवटच्या वळणावर मेंढरं. शंभर-दीडशे, रस्ताभर. हॉर्न वाजवला. धनगर शांतपणे म्हणाला, "गाडी थांबती, बाई. मेंढरू न्हाय थांबत." थांबावं लागलं. ऐन चढावर, पाच माणसं, हँडब्रेक ओढून. मेंढरं दोन्ही बाजूंनी घासून जातायत, आणि आत कुणी कुणाकडं बघत नाही. अण्णा समोर बघत होते.

शेवटचं मेंढरू गेलं. पहिला गिअर. क्लच हळूहळू सोडला. कासव एक इंच मागं गेलं, मग तोल सावरला, मग निघालं. जागेवरून, त्या चढावर! मागून न.चा नुसता श्वास ऐकू आला.

वर थांबल्यावर पट्टी काढली. अण्णा उतरून बाजूला आले, काय बघतेस म्हणाले. मी पट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी धरली. सोडली नाही. बराच वेळ.

"धरवतंय," म्हणाले.

दर्शन झालं. परत येताना घाट उतरल्यावर अण्णा म्हणाले, "न थांबता म्हणालो होतो. थांबलीस." मी म्हटलं, मेंढरांच्या अंगावर घालायची होती? ते खिडकीबाहेर बघायला लागले.

१६ एप्रिल, मंगळ.

वकील आले होते. गॅलरीत तासभर. मी खाली पेशंट बघत होते, एकीला दोनदा तेच विचारलं. जाताना वकील कासवाभोवती एक चक्कर मारून गेले. अण्णांना मी काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. वैनींनाही माहीत नाही.

१८ एप्रिल, गुरु. कुंभारी, शांताच्या ओसरीवर

सकाळी पेटी ठेवायला गेले तर अण्णा गाडीत. पुढच्या सीटवर, टोपी घालून. कुंभारीला एका गिऱ्हाइकाकडं काम आहे म्हणाले. पंचवीस वर्षांत त्यांचं कुंभारीला गिऱ्हाईक मी ऐकलेलं नाही. य.बाई निमूटपणे मागं बसली.

अर्ध्या तासात पोचलो. गिऱ्हाईक काही सापडलं नाही. अण्णा लिंबाखाली दगडावर बसून बायकांची रांग बघत राहिले. बाराच्या सुमाराला मी पाणी प्यायला गेले तेव्हा म्हणाले, "दर गुरुवारी एवढ्या?"

उन्हाळ्यात कमी असतात, म्हटलं.

"आणि पुढच्या गुरुवारी?"

"ते तुम्ही सांगायचं, अण्णा."

ते उठले. शांताची चूल, तिचा नवा पत्रा, थोडा वेळ तिथं रेंगाळले. अजून नऊ बायका बाकी आहेत, मी भाकरीपुरती बसलेय. इथून कासवाची मागची बाजू दिसते. अण्णांनी झाकण उघडलंय आणि ऑइलची पट्टी काढून, डोळे मिटून, हातात धरून उभे आहेत.